रोज पन्नास किलोमीटर, बजेट साडेतीन लाख: जुनी गाडी कुठली घेऊ?

प्रश्न: दादा, मी तळेगाव दाभाड्याला राहतो, वय २४, नोकरी हिंजवडीला. जाऊन येऊन पन्नास किलोमीटर पडतात, आत्तापर्यंत बाईकवर काढले पण दोन पावसाळ्यांत पाठ कामातून गेली आणि आई संध्याकाळी सात वाजल्यापासून फोन करत बसते. बजेट साडेतीन लाख, त्यातले दोन माझे, दीड लोन काढेन. मित्र म्हणतो डिझेल स्विफ्ट घे, २८ चं ॲव्हरेज आहे. बाबा म्हणतात अल्टो घे आणि गप्प बस. आणि मला ऑनलाइन एक दिल्ली पासिंगची आय-ट्वेंटी दिसलीय, खूपच स्वस्त आहे. कुठली घेऊ?
(एक वाचक, तळेगाव)

उत्तर: दिल्लीचा विषय आधी संपवू. तिकडं जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आली तेव्हापासून तिकडचा माल इकडच्या यार्डांत उतरतोय, म्हणून किंमत कमी दिसते. पण ती गाडी तुझ्या नावावर करायची तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी आणायची, मग गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, मग एमएच १४ नंबर घ्यायचा, आणि हे होईपर्यंत दर नाक्यावर थांबून कागद दाखवायचे. एजंटचे पैसे वेगळेच. सगळं बेरजेत धर आणि मग बघ स्वस्ताई किती उरते ते. पहिल्या गाडीला हा उद्योग करू नकोस.

आता डिझेल. मित्र सांगतोय तो २८.४ चा आकडा खरा आहे, २०१८ च्या स्विफ्टचा, पण तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आहे. ती संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर, आणि तिथं गाडी रोलरवर ठरलेल्या पद्धतीनं पळवून ॲव्हरेज काढतात. त्या रोलरवर भूमकर चौकातलं ट्रॅफिक नाही. शिवाय एप्रिल २०२० ला बीएस६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा मारुतीनं डिझेल बनवणंच बंद केलं, म्हणजे तुला मिळणारी सगळ्यात नवी डिझेल स्विफ्टसुद्धा पाच वर्षांच्या पुढची असणार. आणि डिझेल घेतो कोण, ज्याचं रनिंग जास्त तोच, म्हणजे ती गाडी बहुतेक लाखाच्या पुढं पळालेली. इंजिन चांगलं आहे, नावं ठेवणार नाही, पण टर्बो किंवा इंजेक्टरचं काम निघालं की वर्षभर वाचवलेलं तेल एका दिवसात गॅरेजवाल्याला देऊन यायचं.

ॲव्हरेज ॲव्हरेज सगळेच करतात, पण कागदावर हिशोब कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. महिन्याचे २४ दिवस, रोज ५० म्हणजे १२०० किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये १७ देणारी पेट्रोल गाडी असेल तर साधारण ७० लिटर लागतं, १०४ रुपयांनी धरलं तर सात हजार तीनशेच्या आसपास. तीच गाडी १९ देत असेल तर साडेसहा हजार. म्हणजे दोन किलोमीटरच्या फरकाला महिन्याला सातशे-आठशे रुपये. कमी नाहीत, पण चार टायर घासलेले निघाले तर चौदा-पंधरा हजार आणि क्लच गेलेला असेल तर आणखी काही हजार, म्हणजे दोन-अडीच वर्षांची ॲव्हरेजची बचत पहिल्या महिन्यातच गेली. त्यामुळं वीसचं आणि बावीसचं यात रात्री जागवू नकोस, गाडी कुठल्या अवस्थेत आहे ते बघ. बघताना साडेतीनातले तीस-चाळीस हजार बाजूलाच ठेव, गाडी तीन-दहा, तीन-वीसपर्यंतचीच शोध. ऑइल, फिल्टर, बॅटरी, ब्रेक पॅड, विमा, ट्रान्सफर, कुठल्याही जुन्या गाडीला हे लागतंच.

माझी पसंती सांगतो. २०१९ च्या जानेवारीत वॅगन आरचं नवं मॉडेल आलं, त्यातलं एक लिटरवालं पेट्रोल. ९९८ सीसी आहे त्यामुळं थर्ड पार्टी विम्याचा दर २०९४ रुपये, १००० सीसीच्या वर गेलं की तो ३४१६ होतो (२०२२ पासूनचे दर आहेत, वर जीएसटी). उंच आहे, आई-बाबांना बसा-उतरायला सोपी, पार्ट कुठल्याही गावात मिळतात, आणि विकायला काढलीस तर आठवड्यात जाते. पण एक उणीव आहे, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०१९ ला तिला पाचपैकी दोनच स्टार मिळाले. तुझा रस्ता सोमाटणे फाट्यावरून हायवेचा, शेजारून ट्रेलर जातात, तेव्हा हे बाजूला सारण्यासारखं नाही. टाटा टियागोला त्याच संस्थेनं २०२० मध्ये चार स्टार दिलेत. टियागो ॲव्हरेजला थोडी मागं पडेल आणि विमा वरच्या स्लॅबमध्ये जाईल, पण पत्रा जाड आहे, हायवेवर बसते चांगली. मी तुझ्या जागी असतो तर चांगली ठेवलेली टियागो आधी शोधली असती, मिळाली नाही तर वॅगन आर. बाबांची अल्टो गावातल्या गावात ठीक, पण २०१४ च्या क्रॅश टेस्टमध्ये तिला शून्य स्टार होते, हे बाबांना दाखव म्हणजे तेच पुढचं बोलतील.

कुठलीही घे, १ एप्रिल २०१९ नंतरची घे. तेव्हापासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्यांना सक्तीची व्हायला २०२२ उजाडलं, त्यामुळं २०२०-२१ च्या बेस मॉडेलला ती आहे का ते स्टिअरिंगसमोर बसून स्वतः बघ, विकणाऱ्याला विचारू नकोस. एप्रिल २०१९ च्या आधीची घेतलीसच तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघ, नसेल तर चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी तुझ्या माथी.

बघायला सकाळी जा, आणि आधी न सांगता बोनेटला हात लाव, गरम असेल तर गाडी तू यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनचा आवाज त्याला तुला ऐकवायचा नाही. टायरवर चार आकडी छाप असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. तीस हजार रनिंग सांगतोय आणि टायर बदललेले, पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, तर मीटर मागं केलेलं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन हिस्ट्री काढ, मालक सोबत असेल तर बहुतेक ठिकाणी देतात. क्लच बघायला हँडब्रेक लावून तिसऱ्या गिअरवर हळूच क्लच सोड, इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक, घरघरत चालूच राहिलं तर प्लेट संपत आलीय. आणि हजार-दीड हजार गेले तरी चालतील पण ओळखीचा मेकॅनिक ने. तुझ्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या नाही.

भाव करताना हेही काढ: २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवी अल्टो के१० एक्स-शोरूम चार लाखांच्या आत आली, तेव्हा सहा वर्षांच्या गाडीला जुना भाव कोण देणार? हे वाक्य एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं.

प्रश्न: माझं रनिंग रोज ७० किमी आहे, नाशिकहून सिन्नर एमआयडीसी. जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवू की कंपनी फिटेड घेऊ? आणि ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलनं ॲव्हरेज पडतं हे खरं का?
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: कंपनी फिटेडच. तुमच्या रनिंगला सीएनजी शोभतं. पेट्रोलपेक्षा पन्नास-साठ हजार जास्त मोजावे लागतील पण ते दीड-दोन वर्षांत निघतात, फक्त डिकी सिलिंडरला जाते आणि पंपावरची लाईन तुमच्या नशिबी येते, शिफ्टच्या वेळा बघून ठरवा. बाहेरचं किट असलेली गाडी समोर आलीच तर आरसीवर पेट्रोल/सीएनजी असं चढलंय का, विम्यात किटची नोंद आहे का, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट कधी झाली हे बघा, ती दर तीन वर्षांनी लागते आणि तारीख प्लेटवर असते. आरसीवर नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा.

ई२० नं फरक पडतो, हो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळं तेवढं अंतर जायला जास्त लागतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरलीय, ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के. तुमची जितकी जुनी गाडी तितकं जास्त जाणवणार. शिवाय जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्यात का, गळतंय का ते मेकॅनिकला आवर्जून बघायला सांगा.

प्रश्न: पुण्यातल्या यार्डात एमएच ०८ पासिंगची २०१८ ची बलेनो बघितली, बाजारभावापेक्षा साठ हजारांनी कमी. भाऊ म्हणतो चिपळूणच्या पुरातली असेल. ओळखायचं कसं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा, तेवढ्यावरून गाडी पुरातली ठरत नाही. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या आणि विमा कंपनीनं टोटल लॉस धरलेल्या गाड्या लिलावात जाऊन पुन्हा रस्त्यावर येतात, त्यामुळं भावाची शंका रास्त आहे. तुम्ही सांगलीच्या, २०१९ चा पूर तुम्ही पाहिलाय, गाळ कुठंकुठं शिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, वरचा भाग धुतात पण आत गुंडाळलेल्या पट्ट्याला मातीची रेघ राहते. स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. आतून जरा जास्तच सुगंध मारलेला असेल तर जास्तच शंका घ्या. मग यार्डवाल्याकडं जुलै-ऑगस्ट २०२१ मधल्या विमा क्लेमची माहिती मागा. तो टाळाटाळ करू लागला तर साठ हजार वाचवायच्या भानगडीत पडू नका, पुराची गाडी वायरिंगमध्ये वर्षानुवर्षं त्रास देते आणि तो दोष कुणाला सापडत नाही.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी जुनी गाडी एका डीलरला दिली, पैसे मिळाले, टीटी म्हणजे ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या केल्या. आता माझ्या मोबाईलवर वाशी, पनवेलचे ई-चलान येतायत. मी काय करू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुम्ही फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पण ते आरटीओत गेलेच नाहीत, तिथं गाडी अजून तुमचीच आहे. चलान तर किरकोळ गोष्ट, अपघात झाला तर भरपाईसाठी रेकॉर्डवरच्या मालकालाच धरलं जातं, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलंय. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि गाडी ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी नं पोर्टलवर करावी लागते, तुमच्या डीलरकडं ते प्रमाणपत्र आहे का विचारा. आजच त्याला लेखी कळवा, आरटीओत गाडी विकल्याचा अर्ज पैसे मिळाल्याच्या पुराव्यासकट द्या, पोच घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एक प्रत देऊन ठेवा. वर तळेगावच्या मुलाला सांगायचं राहिलं तेही इथंच लिहितो: टोकन देण्याआधी ई-चलानच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून बाकी किती आहे बघ, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करून घे, आणि त्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुला मिळणार नाही, विमावाला त्याचे जास्तीचे पैसे मागेल ते बरोबरच आहेत.