जुन्या बैठ्या घराला दोन खोल्या वाढवायच्या आहेत. वर मजला चढवावा की परसात बांधावे, आणि चौरस फुटाला दर काय पडेल?

चौरस फुटाच्या दराचे उत्तर मी देणार नाही. तो गावागणिक आणि सिमेंट-सळईच्या बाजाराप्रमाणे बदलतो, आणि कोणी छातीठोकपणे आकडा सांगितलाच तर त्यात पाया किती खोल धरला आहे एवढे विचारून पाहा. बहुतेक वेळा समोरचा माणूस गप्प होतो. मजला की परस, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येते: परसात बांधा, पण नवे बांधकाम जुन्या घराला चिकटवू नका. हे वाक्य मी २०१२ सालापासून आमच्या घरात सांगत आले आहे, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

मजल्याचा विषय आधी संपवते. तुमचे घर विटांच्या भिंतींवर उभे आहे, खांबांवर नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जाते, म्हणजे ४०० चौरस फुटांच्या मजल्यावर नुसत्या स्लॅबचेच ११ ते १२ टन झाले. त्याखेरीज नऊ इंची भिंत दहा फूट उंच घेतली तर धावत्या फुटाला ४०० किलोंच्या आसपास ओझे येते. हे सगळे ज्या पायावर जाणार तो पाया १९७० साली एका बैठ्या घरापुरता घातलेला आहे. गच्चीच्या कोपऱ्यांत वडिलांनी सळ्या सोडून ठेवल्या आहेत, त्या अर्थी त्यांनी मजल्याची तजवीज केली होती, असे तुम्ही म्हणता. पन्नास पावसाळे उघड्यावर गंजलेली सळई आता कपडे वाळवायची दोरी बांधण्यापुरती उरली आहे असे समजा. मजला हवाच असेल तर संरचना अभियंत्याला घरी आणा, त्याच्याकडून पाया उघडून तपासून घ्या आणि त्याचे म्हणणे लेखी घ्या.

आता परसातले बांधकाम. आमचे घर तासगाव तालुक्यातल्या एका गावात आहे. ते आमच्या आबांनी १९६९ साली बांधले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आबा जुन्या, मातीच्या भिंतींच्या घरात झोपलेले होते, आणि त्या पहाटेची भीती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. चौथी शिकलेला तो शेतकरी माणूस. पण कोण्या ओव्हरसियरने सांगितले म्हणून त्यांनी घराच्या सगळ्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर, सात फुटांवर, सळई घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवला. त्या काळी गावात असा पट्टा कोणाच्याही घराला नव्हता आणि लोक त्याला पैशांची नासाडी म्हणत. पाया त्यांनी काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत, सात-साडेसात फूट खोल नेला होता. मी पुढे स्थापत्याची पदविका केली आणि सांगलीत एका अभियंत्याच्या कार्यालयात आराखडे काढू लागले, तेव्हा आबांनी किती शहाणपणाने घर बांधले होते हे मला कागदावर समजले.

आबा २००९ साली गेले. २०१२ साली पुतण्याचे लग्न ठरले आणि दादाने मागच्या अंगाला एक खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराला जोडून थोडी जागा वाढवायचे काढले. कर्ज देणाऱ्या पतसंस्थेला मालकी एकाच नावावर हवी होती, म्हणून आई आणि मी तासगावला निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही. त्याच दिवशी दुपारी घरी आल्यावर हक्कसोडपत्राच्या जास्तीच्या एका झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर मी दादाला आणि मिस्त्रींना आकृती काढून दाखवली: नव्या खोलीला तिची स्वतःची चौथी भिंत, जुन्या आणि नव्या भिंतीत एक इंचाची मोकळी फट, फटीत बांधकामापुरते थर्माकोल, वरून एकाच बाजूला ठोकलेला पत्र्याचा झाकणपट्टा, आणि पाया मुरुमापर्यंत. मिस्त्रींनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, म्या आजवर शंभर घरं जोडल्यात, एकबी फाकलं न्हाई.’ दादा म्हणाला की सख्ख्या घरात फट ठेवलेली लोकांना दिसली तर लोक काय म्हणतील, आणि शिवाय एका भिंतीचा खर्च वाचतो आहे तो का वाचवू नये. त्या घरात माझी सही चालली, माझे मत चालले नाही.

चैत्रात चर खणायला घेतले. त्या वर्षी आमच्या भागात दुष्काळ होता, आणि परसातली काळी इतकी भेगाळली होती की भेगेत मनगटापर्यंत हात जात असे. साडेतीन फुटांवर खोदाई थांबवली, कारण एका खोलीला याहून जास्त पाया कशाला, असे मिस्त्रींचे मत पडले. चराच्या एका टोकाला आबांच्या पायाचे डबर उघडे पडले होते. मी चरात उतरून पाहिले: आमच्या चराचा तळ संपत होता तिथून आबांचे डबर आणखी खाली जात होते. मी पहारीने थोडे उकरून ते दादाला दाखवले. तो म्हणाला, आबांना पैसा जमिनीत पुरायची सवयच होती.

त्यानंतर नव्या भिंती जुन्या भिंतीत अडकवण्यासाठी दाते पाडले, म्हणजे जुन्या भिंतीतली एकाआड एक वीट छिन्नीने फोडून खाच केली आणि त्यात नवी वीट घुसवली. सात फुटांवर छिन्नी आबांच्या पट्ट्यावर आली. तो अखंड पट्टा फोडायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला, आणि आतल्या दोन सळ्या करवतीने कापाव्या लागल्या. मी त्या दिवशी तिथे नव्हते. संध्याकाळी आईने फोनवर सांगितले.

लग्न छान झाले. पुढच्या उन्हाळ्यात, जिथे जुने घर संपते आणि नवे सुरू होते बरोबर तिथे, वरून खाली येणारी उभी भेग पडली. वर रुंद, खाली केसासारखी. याचे कारण काळ्या मातीत आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मुरुमावर बसलेल्या जुन्या घराला त्याचे सोयरसुतक नसते, पण साडेतीन फुटांवर काळीतच बसलेली नवी खोली दर उन्हाळ्यात परसाच्या बाजूला थोडी खचते आणि दर पावसाळ्यात पुन्हा उचलली जाते. दोन्ही बांधकामे दात्यांनी एकमेकांत अडकवलेली असल्यामुळे हलायला वाव राहत नाही, आणि मग जे कच्चे असेल ते फाटते. आमच्याकडे आबांच्या भिंतीचा कापलेला कोपरा फाटला, आणि भेग तिथून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी सोप्याच्या दिशेने सरकली. भर म्हणून न्हाणीघर बरोबर या सांध्यापाशीच होते, आणि त्याच्या गळक्या नळीमुळे पायाची एक बाजू बाराही महिने ओली राहत होती.

दादाने गिलावा करून घेतला. तो एका वर्षात फुटला. मग भेगेत पुट्टी भरली, मग त्यावर दिनदर्शिका टांगली. मी प्रत्येक भेटीला दिनदर्शिका बाजूला करून भेगेत चार आण्याचे नाणे घालून पाहत असे. ते नाणे २०११ सालीच चलनातून गेले, आमच्या घरात ते मोजमाप म्हणून चालत राहिले: वैशाखात नाणे अर्धे आत जायचे, भाद्रपदात पोस्टकार्डसुद्धा जात नसे. पेन्सिलीने भिंतीवर तारखा लिहून ठेवत होते. वहिनींनी रंग देताना त्या पुसल्या, त्यांचाही दोष नाही.

शेवटी २०१७ साली, पावसाचे पाणी त्या भेगेतून थेट धान्याच्या कणगीवर गळू लागले तेव्हा, यंत्राने दाते कापून जमिनीपासून स्लॅबपर्यंत उभी चीर पाडली, नव्या बाजूला विटांचे दोन खांब चढवून स्लॅबचे ओझे त्यांवर घेतले, आणि फटीवर एका बाजूने पत्रा ठोकला. म्हणजे पाच वर्षांपूर्वीची माझी आकृतीच, फक्त तिप्पट खर्चाने आणि आबांचा पट्टा गेल्यानंतर. तेव्हापासून जुन्या भिंतीत नवी भेग पडलेली नाही. नवी खोली अजूनही हलते, कारण तिचा पाया उथळच आहे, पण आता ती एकटी हलते. दादा पाहुण्यांना सांगतो की ही फट ठेवायची युक्ती मिस्त्रींची.

तेव्हा तुमच्या कामासाठी एवढे धरा. बांधायच्या जागेवर आधी एक खड्डा घ्या आणि काळी किती फुटांवर संपते ते पाहा. सहा-सात फुटांच्या आत मुरूम लागत असेल तर पाया तिथपर्यंत न्या, खर्चाला भिऊ नका. काळी त्याहून खोल असेल तर ‘अंडर-रीम्ड पाइल’ नावाची पद्धत आहे: जमिनीत अरुंद भोक घेऊन तळाशी ते कांद्यासारखे फुगवायचे आणि त्यात सळई-काँक्रीट भरायचे. ती रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केली आहे आणि दोन खोल्यांनाही चालते. जोत्यात काळी माती भरू देऊ नका, मुरूमच भरा. जुन्या पायाला लागून खणताना सलग चर न घेता तुकड्या-तुकड्यांनी खणा आणि भरत चला, नाहीतर जुनी भिंतच उघडी पडेल. घराभोवती तीन-चार फुटांचा कोबा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, आणि न्हाणी-मोरी सांध्यापासून लांब ठेवा. नवा स्लॅब जुन्या भिंतीत खाच मारून बसवू देऊ नका. तो नव्या भिंतीवर किंवा खांबांवरच टेकला पाहिजे. मधली चौथी भिंत वाया गेली असे जो कोणी म्हणेल, मग तो घरातला कितीही मोठा असो, त्याला आमच्या घरी पाठवा, नाणे मी अजून जपून ठेवले आहे.

घर वडिलोपार्जित आहे आणि पैसे तुम्ही एकटे घालणार आहात, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. मग खोदाईच्या आधी बहिणींशी बोला. वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेल्या घरात मुलींचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलांइतकाच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तो ९ सप्टेंबर २००५ पासून जन्मानेच आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. तुम्ही स्वखर्चाने खोली बांधली म्हणून खालची जमीन तुमची एकट्याची होत नाही. काय ठरेल ते नोंदणी करून लेखी ठेवा. आणि बहिणीची सही घ्यायला जाल तेव्हा तिला बांधकामाचा आराखडाही दाखवा. ती स्थापत्य शिकलेली नसेल, पण त्या घरात ती वाढलेली आहे, कुठली भिंत पावसाळ्यात ओल धरते हे तिला तुमच्या मिस्त्रीपेक्षा जास्त ठाऊक असेल.

हे सगळे मी काळ्या मातीच्या अनुभवावरून लिहिले आहे. तुमचे गाव कोकणात जांभ्यावर किंवा घाटमाथ्याच्या मुरमाड जमिनीवर असेल तर पायाचा अर्धा मजकूर तुम्हाला लागू नाही. फट मात्र तिथेही ठेवा, कारण भूकंपात कमी-जास्त उंचीची आणि वेगवेगळ्या वयाची दोन बांधकामे एकसारखी हलत नाहीत. मी पदविकाधारक आहे, संरचना अभियंता नाही, आणि तुमचे घर मी पाहिलेले नाही, हेही ध्यानात ठेवा. आमच्या मिस्त्रींबद्दलही एक सांगायला हवे: त्यांनी जोडलेली बरीच घरे खरोखरच फाकलेली नाहीत, कारण ती गावठाणात आहेत आणि गावठाण मुरुमावर आहे. ते खोटे बोलत नव्हते.

खड्डा चैत्र-वैशाखात घ्या, म्हणजे काळी किती भेगाळते तेही दिसेल. आणि त्या दिवशी मिस्त्रीला बोलावू नका. आधी स्वतः उतरून पाहा, सोबत टेप न्या.