पत्रास उत्तर : साडेनऊची गाडी

दिवाळी अंकांचा गठ्ठा वाचून संपत आला की माझ्याकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात. गावोगावची साहित्य संमेलनं तोंडावर आलेली असतात आणि भरवणाऱ्यांच्या पोटात गोळा उठलेला असतो. या खेपेला चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावात गेली दोन वर्षं एक दिवसाचं साहित्य संमेलन भरवतो. ग्रंथदिंडी झकास निघते, लेझीम असतं, जेवणाला चारशे पानं उठतात. पण दुपारी लेखकाचं भाषण सुरू झालं की मंडप रिकामा. गेल्या वर्षी पुण्याहून लेखिका आल्या होत्या. समोर साठ माणसं, त्यातली निम्मी आमच्याच शाळेची गणवेशातली पोरं. "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर सगळे गप्प. मग एका गृहस्थांनी माइक घेतला आणि स्वतःच्या दोन कविता म्हटल्या. यंदा काय बदलू?
— एक माध्यमिक शिक्षक

उत्तर : सर, त्या गृहस्थांवर रागावू नका. ते प्रत्येक गावात असतात. आमच्या वाचनालयात ते तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसायचे. वर्षातून एकदा हातात येणारा माइक त्यांनी सोडावा तरी का? सकाळच्या कविसंमेलनात त्यांचं नाव घालून टाका, दुपारी निवांत ऐकतील.

खरी अडचण वेगळी आहे. त्या साठांतल्या किती जणांनी लेखिकेचं एक तरी पुस्तक वाचलं होतं? जेवणाची पानं तुम्ही मोजलीत, मंडपातली डोकी मोजलीत, हा आकडा मात्र पत्रात नाही. माझा अंदाज दोन : तुम्ही, आणि परिचय करून देणाऱ्या बाई. बाईंनी कदाचित नुसतं मलपृष्ठ.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका लहान वाचनालयात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. सरकारी अनुदानाचा वर्ग 'क'. म्हणजे पंखा दुरुस्त केला की वर्तमानपत्रांचं बिल थकायचं. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी पंचगंगेकाठच्या एका गावानं मला सूत्रसंचालनाला बोलावलं. लेखक मोठे, त्यांचं मिळेल ते सगळं मी वाचलेलं. कार्यक्रम सातचा. समई वाऱ्यानं तीनदा विझली. मग स्वागत, प्रास्ताविक, पाच पाहुण्यांचे सत्कार आणि पाचही जणांचे 'दोन शब्द'. दूध संस्थेच्या चेअरमननी फॅटचा दर समजावून सांगितला. लेखकांच्या हातात माइक आला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि शेवटची एसटी साडेनऊची. आधी बायका उठल्या, मग त्यांच्याबरोबर आलेले. लेखक अकरा मिनिटं बोलले. फेटा कपाळावर घसरत होता, तो ते एका हातानं सावरत होते. नंतर मागच्या खोलीत गार झालेली कांदाभजी खाताना त्यांनी आम्हा तिघांना सांगितलं, कादंबरीतली ती भांडखोर म्हातारी खरी कोण होती आणि तिनं पुस्तक वाचून घेतल्यावर त्यांना काय ऐकवलं. अर्धा तास सांगत होते. ज्यांच्यासाठी त्यांना बोलावलं होतं ती माणसं तोवर घरी जाऊन जेवलीसुद्धा असतील.

तेव्हापासून आमच्याकडे सत्कार शेवटी गेले. शाल, श्रीफळ, गुळाची ढेप, जे काय द्यायचं ते भाषण झाल्यावर. यात एक गंमतही होते, ज्यांना सत्कार हवा असतो ते शेवटपर्यंत बसतात.

आता पुस्तकांचं. लेखक ठरला की त्याच आठवड्यात त्याच्या एका पुस्तकाच्या वीस प्रती घ्या. एकाच पुस्तकाच्या, 'समग्र' वगैरे मोह नको. पैसे कुठून आणू म्हणाल, तर चौकातले दोन फ्लेक्स कमी करा. प्रती शिक्षकांना देऊ नका. राग मानू नका, पण शिक्षक प्रश्न विचारायला म्हणून भाषण तयार करून येतात. आमच्या पहिल्या यादीत किराणा दुकानदार, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स, पिठाची गिरणी चालवणारी बाई, दोन शेतकरी, सोसायटीचा क्लार्क आणि एक एसटी कंडक्टर होते. दहा-बारा दिवसांत वाचून शेजाऱ्याला द्यायचं, एवढीच अट. प्रत्येक प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला मी एक कोरा कागद डकवला होता : "वाचताना कुठं अडलात?" दोन महिन्यांत वीस प्रती पन्नासेक घरं फिरल्या. तीन आल्याच नाहीत. एकीवर हळदीचा अख्खा पंजा उमटला होता.

कंडक्टरनं कागदावर काही लिहिलं नव्हतं. कार्यक्रमात तो ड्युटीवरून खाकीतच आला आणि उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमच्या पुस्तकात पोरगी रात्री साडेनऊच्या एसटीनं फाट्यावर उतरती. त्या रूटवर साडेनऊची गाडी कधीच नव्हती. शेवटची पावणेआठची. मग ती आली कशी?" सभागृह हसलं. लेखक हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गाडी नव्हती हे मला माहीत होतं. मला तिला अंधारात उतरवायचं होतं." तिथून जे सुरू झालं ते पाऊण तास. लेखकानं खोटं किती बोलावं? जुन्या रस्त्यानं चालत आणली असती तर? त्या फाट्यावर दिवा होता का? गिरणीवाल्या बाईंचं म्हणणं, पोरीला अंधारात उतरवलंत ते ठीक, पण तिच्या हातात पिशवी द्यायला हवी होती, रिकाम्या हातानं माहेरी कोण जातं? लेखकांनी ते वहीत लिहून घेतलं. तयार करून आणलेलं भाषण त्यांनी केलंच नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

म्हणून सर, 'व्याख्यान' हा शब्दच पत्रिकेतून काढा. एका वाचकानं पुस्तक हातात धरून लेखकाशी गप्पा माराव्यात, मध्ये लेखकानं दोन पानं वाचून दाखवावीत. आपल्या भागाला ऐकायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथन महाराष्ट्रभर नेलं, आणि त्यातले पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. उपदेश सुरू झाला की मंडप रिकामा होतो.

तारखेचंही सांगते, कारण हे कुठल्या मार्गदर्शनपर लेखात नसतं. तुमचं संमेलन ऐन गाळपात येतं. ज्याच्या उसाला त्या दिवशी तोड आली तो मंडपात येणार नाही, ज्ञानेश्वर माऊली आली तरी. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची तेही विचारून घ्या. रात्रभर पाणी पाजून आलेला माणूस दुपारी तीनला पहिल्या रांगेत घोरला, तर तो लेखकाचा अपमान नव्हे.

गणवेशातली पोरं आणा, पण दहाच. आणि त्यांना एक गोष्ट आधी वाचायला द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला लेखकांना मानधन देणं परवडत नाही. 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणून पाकीट देतो. चालतं ना?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, कागल तालुका

उत्तर : पाकिटातला आकडा लहान असला तरी चालतं, आधी सांगितलेला नसला तर चालत नाही. पहिल्याच फोनवर तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा : प्रवासखर्च, राहायची सोय, मानधन. तिसरी शून्य असेल तर शून्य म्हणा. येणारे येतात. मी एकदा परभणीहून आलेल्या कवीच्या हातात बंद पाकीट ठेवलं होतं. आत १०१ रुपये होते. परतीच्या तिकिटालाही ते पुरले नसणार, हे मला ते रिक्षात बसल्यावर सुचलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

प्रश्न : लेखकांच्या भाषणाचं चित्रीकरण आम्ही यूट्यूबवर टाकतो. एका लेखकानं हरकत घेतली. कार्यक्रम आमचा, खर्च आमचा, मग हक्क कुणाचा?
— एक संयोजक

उत्तर : बोलणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे : जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा, सभा कुणीही भरवलेली असो. तेव्हा निमंत्रणाच्या पत्रातच एका ओळीत परवानगी मागा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. हरकत आलेला व्हिडिओ आजच काढा.

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीत गारमेंटमध्ये शिलाईवर आहे. वय चोवीस. वाचनालयाची पुस्तकं वाचतो. आमच्याकडं लेखक येतात तेव्हा मी जातो, पण विचारायला भ्या वाटतं. माझी भाषा गावठी आहे. एकदा "मी वाचलो हाय" म्हणालो तर पुढच्या बायका वळून हसल्या.

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातला एक शब्दही बदलला नाही. माझी आई जन्मभर "मी आलो, मी गेलो" असंच म्हणाली. कोल्हापूरच्या बायका तसंच बोलतात, त्यात चुकलेलं काही नाही. मीही घरात तसंच बोलतो. इथं छापायचं म्हणून इस्त्री केलेलं लिहिते.

ज्या बोलीला तू गावठी म्हणतेस तिच्यावर साहित्य अकादमीचे पुरस्कार आलेत. कागलच्या आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० साली, पन्हाळ्याच्या बाजूच्या कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ साली. 'झोंबी' मिळवून वाच. शाळेसाठी बापाशी भांडणारं पोरगं आहे त्यात, तुझ्या ओळखीचं वाटेल. आणि तुझं गावही काही आडबाजूचं नाही. १९७४चं अखिल भारतीय संमेलन इचलकरंजीतच झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते.

भ्या मात्र मी पत्रातून घालवू शकत नाही. एक युक्ती सांगते. प्रश्न घरून चिठ्ठीवर लिहून ने आणि माइकची वाट न बघता चहाच्या वेळी लेखकाच्या हातात दे. पुस्तकातलं पान दुमडून ठेव, म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल. प्रश्न तुझ्या कामातला असू दे. कादंबरीतली बाई शिवत असेल तर बघ, लेखकानं तिला सुईत दोरा तरी नीट ओवायला लावलाय का. हे त्या हसणाऱ्या बायकांना दिसणार नाही, तुला दिसेल.

काय उत्तर मिळालं ते मला कळव. आणि पाकिटावर पिनकोड घाल, हे पत्र सांगलीला जाऊन आलं.