टर्बोच्या गाडीतील उष्णता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : ट्रॅकसाठी तयार केलेल्या माझ्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी गार करणारी जाळी) बसवून घेतला. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी उत्तम ओढते, तिसऱ्या फेरीपासून मात्र मंदावते. याहून मोठा घ्यावा का?

उत्तर : पैसे घालण्यापूर्वी थोडा हिशेब मांडू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब ०.९३ बारच्या आसपास असतो. त्यामुळे गेजवर १ बार बूस्ट (बाहेरच्या दाबावर टर्बोने चढवलेला दाब) दिसत असला, तरी टर्बोला हवा दुपटीहून किंचित अधिक दाबावी लागते. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३५ अंश असताना आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाची, कार्यक्षमता ७० टक्के धरली असता, टर्बोतून निघणारी हवा १३५ अंशांच्या पुढे जाते. चांगला इंटरकूलर तिला ६५ अंशांच्या आसपास आणतो आणि तेवढ्यानेच तिची घनता सुमारे एक पंचमांशाने वाढते. २७० अश्वशक्तीच्या इंजिनात याचा अर्थ असा, की पूर्ण ॲक्सिलरेटरवर साधारण १४ किलोवॉट, म्हणजे घरातल्या सात गीझरांइतकी उष्णता त्या जाळीतून सतत बाहेर काढावी लागते. हे काम समोरून येणारी हवा करते. जाळी मोठी केली, की धातू वाढल्यामुळे ती तापायला थोडा अधिक वेळ घेते; पण तिच्यातून हवाच जात नसेल, तर तिसरी फेरी जाऊन चौथी येईल, एवढाच फरक पडेल.

शिवाय ही उष्णता जिथल्या तिथे राहत नाही. आत जाणारी हवा गरम झाली की नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची) शक्यता वाढते, ते टाळण्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो, उशिरा जळालेल्या इंधनाची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या) आणि टर्बो आणखी तापतात आणि बॉनेटखालचे सगळे सामान त्यांच्याबरोबर तापते. म्हणून इंटरकूलर आणि एक्झॉस्ट हे दोन वेगळे प्रश्न समजू नयेत.

एक स्वस्त चाचणी करा. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे इंटरकूलरच्या तोंडावर आणि कडांना चिकटपट्टीने लावा, समोर छोटा कॅमेरा बसवा आणि बंद आवारात गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालवा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मधले धागे मलूल लोंबत होते आणि कडेचे धागे बाहेरच्या दिशेने ताणले गेले होते. बंपर आणि जाळी यांच्यामध्ये चार बोटांची फट होती आणि हवा तिथूनच वळसा घालून निघून जात होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बोगदा करून ती फट बुजवली, इंटरकूलर तोच ठेवला आणि तक्रार मिटली. कडांना फोम लावाल तर बंद छिद्रांचा घ्या, कारण गादीवाल्याकडचा साधा स्पंज पाणी पितो आणि पहिल्याच पावसात लोंबतो.

हवेला बाहेर जायची वाटही हवी. आपल्याकडच्या गॅरेजांत वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याची युक्ती फार आवडीची आहे. गाडी उभी असताना तिचा उपयोग होतो. वेगात मात्र समोरच्या काचेच्या बुडाशी दाब वाढलेला असतो आणि हवा बाहेर पडण्याऐवजी तिथून आत शिरू शकते. बॉनेटला झडपा पाडायच्याच असतील, तर त्या रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या भागात पाडाव्यात.

प्रश्न (उद्यमबाग) : आमच्या फाउंड्रीत एसजी आयर्नचे (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडाचे) ओतकाम होते. मित्राच्या टर्बो पेट्रोल रेस गाडीसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतून द्यावा, की ३०४ स्टेनलेसच्या नळ्यांचा करावा? त्यावर रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळावा का?

उत्तर : रेसमध्ये टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडील चाकाच्या, तोंडाशी वायू ९०० ते ९५० अंशांपर्यंत जातो. एवढ्या उष्णतेत साध्या एसजी आयर्नवर पापुद्रे सुटतात, बीड फुगते आणि थंड-गरम होण्याच्या फेऱ्यांत तडकते. सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॉलिब्डेनम घातलेले सिमो बीड याच कामासाठी असते आणि तुमच्या भट्टीला ते अवघड जाऊ नये. परंतु एका नगासाठी पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) करणे परवडणार नाही. तेव्हा नळ्याच घ्या, मात्र जाड भिंतीच्या.

३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. ६० सेंटिमीटरची नळी ८०० अंशांनी तापली, की ८ मिलिमीटर वाढते. ही वाढ कुठे जाणार, हे वेल्डिंगपूर्वी ठरवावे लागते. न ठरवल्यास ती जोडावर फुटते आणि मग दोष वेल्डरला दिला जातो. नळ्यांना सरकता जोड द्यावा आणि टर्बोचे वजन ब्रॅकेटवर घ्यावे, नळ्यांवर लोंबकळत ठेवू नये. खर्च जमत असेल तर टायटॅनियमयुक्त ३२१ स्टेनलेस घ्यावे.

मॅनिफोल्डवर रॅप गुंडाळणे मला पसंत नाही. रॅपमुळे धातूची उष्णता आतच कोंडते, धातू वायूच्या तापमानाजवळ जातो आणि ३०४ ची सहनशक्ती संपते. त्यातच आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि तेल ठिबकले तर पेट घेतो. टर्बोनंतरच्या डाऊनपाइपवर चालेल. मॅनिफोल्डला मात्र १० ते १५ मिलिमीटर अंतर सोडून चकचकीत पत्र्याची ढाल लावा. बाहेर फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ६०० अंशांचा पृष्ठभाग ९०० वर गेला, की ती तिपटीहून अधिक होते. ढाल आणि तिच्यामागून वाहणारी हवा यांच्यावर केलेला खर्च म्हणूनच वसूल होतो.

प्रश्न (खानापूर) : ऑटोक्रॉसमध्ये इंटरकूलरवर पाणी फवारल्याने फायदा होतो का?

उत्तर : होतो, परंतु पाणी वाफ होऊन गेले तरच. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत तापताना जेवढी उष्णता घेते, त्याच्या जवळजवळ आठपट उष्णता त्याची वाफ होताना घेते. म्हणून धार नको, बारीक तुषार हवेत. जाळीखालून पाणी टपकत असेल, तर निम्मी टाकी वाया जाते आहे. स्पर्धेचे नियम फवाऱ्याला परवानगी देतात का, हे आधी वाचा. तुमच्या भागातील तांबड्या मातीचा चिखल पात्यांमध्ये सुकला, की फवारा काय आणि मोठी जाळी काय, सारखेच निरुपयोगी. प्रत्येक स्पर्धेनंतर जाळी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. गाडी धुण्याच्या जोरदार नळीने पाती वाकतात.

प्रश्न (निपाणी) : डिझेल एसयूव्हीचे ट्यूनिंग केले आहे. चढावर टर्बोपूर्वीचा ईजीटी (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा) गेज ८२० अंश दाखवतो. पेट्रोलच्या गाडीत इंधन वाढवून तापमान उतरवतात, तसे करावे का?

उत्तर : कृपया करू नका, उलट होईल. पेट्रोलच्या इंजिनात गरजेहून जास्त इंधन दिले की ते थंडावा देते. डिझेलमध्ये हवा मुळातच जास्त असते, त्यामुळे वाढवलेले इंधन जळते आणि तापमान चढते. चढावर बराच वेळ ८२० अंश राहत असतील, तर प्रथम इंधन कमी करा आणि नंतर बूस्टच्या होजमध्ये गळती आहे का ते पाहा. साबणाचे पाणी लावून हवा भरली, की बुडबुडे जागा दाखवतात.

प्रश्न (चिकोडी) : ट्रॅकवरून आल्याबरोबर इंजिन बंद केले तर चालते का?

उत्तर : नाही. शेवटची फेरी सावकाश घ्या, मग एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवा. नाहीतर थांबलेले तेल टर्बोच्या बेअरिंगमध्ये जळून कोळसा होते. बंद केल्यावर बॉनेट मात्र उघडा.