नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. लग्नाच्या दोन डीव्हीडींच्या आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या एका जुन्या सीडीच्या आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, माउंट करायला, म्हणजे ड्राइव्हमध्ये डिस्क घातल्यासारखी उघडायला, कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

कोणतंच टाकू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय विंडोजमध्येच आहे. फाइलवर डबल-क्लिक केलं की ‘धिस पीसी’मध्ये एक डीव्हीडी ड्राइव्ह वाढलेला दिसतो. काम झालं की त्यावर राइट-क्लिक करून ‘इजेक्ट’. डबल-क्लिक केल्यावर विनरार किंवा सेव्हन-झिप उघडत असेल, तर आयएसओ फाइल त्यांच्या नावावर झाल्यात. राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘विंडोज एक्सप्लोरर’. विषय संपला.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की साताऱ्यातला तुमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘माउंटबिउंट कशाला, लग्नाच्या डीव्हीडीचं एमपी४ करून घ्या आणि आयएसओ डिलीट मारा, जागा वाचेल.’ हे वाक्य इथे सांगलीत इतक्यांदा ऐकलंय, की खरं उत्तर त्यालाच द्यायचंय.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गावभागातल्या एका घरातून लग्नाची डीव्हीडी आली होती. संच दोन डिस्कचा. दोन्ही चिखलात गेलेल्या, आणि पाणी ओसरल्यावर एका शूटिंगवाल्याने ‘कन्व्हर्ट’ करून दिलेल्या. पहिल्या डिस्कची एमपी४ अंतरपाट धरेपर्यंत चालायची आणि तिथेच संपायची. घरच्यांना वाटलं डिस्कच तेवढी उरलीय. तसं नव्हतं. कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर थेट डिस्कवरून वाचत होतं. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा, लागला, ड्राइव्हने तोच तोच सेक्टर पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, सॉफ्टवेअर कंटाळलं आणि जेवढं झालं तेवढ्याची फाइल बंद करून मोकळं झालं. शूटिंगवाल्यानेही तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली.

यात कारण समजून घ्या. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळ सुरुवात, कडेला शेवट. डीव्हीडीचा डेटाचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे पाणी शिरलं तर कडेच्या चिकटवणीतून शिरतं आणि आधी बाहेरचा भाग जातो. म्हणून हळद, सीमांतपूजन शाबूत, आणि अक्षता पडायच्या वेळेला बोंब. सीडीचं उलटं आहे. तिचा थर वर, लेबलच्या लाखेखालीच असतो. लेबलवरचा चिखल नखाने खरवडला की त्यासोबत चंदेरी पापुद्राही निघून येतो. तिथे मग कोणी काही करू शकत नाही. धुवायची तर साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि चूक-दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरचा सलग डेटा उडतो.

डिस्क धुवून वाळवली आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तिची इमेज, म्हणजेच आयएसओ, घेतली. सेक्टर साइज २०४८. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय, म्हणजे सोपं सोपं आधी उचल, अडलं तिथे खरवडत बसू नको. नंतरच्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर’ देऊन राहिलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न. हे सॉफ्टवेअर सोबत एक मॅप फाइल लिहितं, त्यात कोणता सेक्टर आला आणि कोणता राहिला याची नोंद असते. खरी मेख या फाइलमध्ये आहे. तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घातली, की तो फक्त राहिलेले सेक्टर वाचायला जातो. प्रत्येक ड्राइव्हची लेझर आणि फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) वेगळं, त्यामुळे एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हला नको झालेला बराच भाग डेस्कटॉपच्या जुन्या साटा ड्राइव्हने उचलला.

ती आयएसओ माउंट केली. ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर उघडला, आत एकेक जीबीचे व्हीओबी, म्हणजे व्हिडिओचे, तुकडे, नावं सगळी जागेवर. फाइलींची यादी डिस्कच्या आतल्या भागात असते, ती वाचली होती. शेवटच्या तुकड्यात भोकं होती, पण इमेजमध्ये न वाचलेला सेक्टर म्हणजे नुसती शून्यं. ड्राइव्ह अडत नाही, एक्सप्लोरर लटकत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्र काही सेकंद चौकोन-चौकोन होतं आणि पुढे सरकतं. मंगलाष्टका आल्या, अक्षता आल्या, पंगतीसुद्धा आल्या. आणि दुसरी डिस्क? ती त्या शूटिंगवाल्याने ‘कन्व्हर्ट झालीय’ म्हणून टाकून दिली होती. तिथे हात टेकले.

तेव्हा एमपी४ जरूर करा, मोबाइलवर बघायला सोपी पडते, पण ती इमेजवरून करा आणि इमेज ठेवा. एमपी४ करताना चित्र पुन्हा दाबलं जातं, मेनू जातो, चॅप्टरही जाऊ शकतात, कुठे काही गळलं तर ते कळायचीही सोय राहत नाही. जागेचं म्हणाल तर एक टीबीच्या डिस्कवर भरगच्च भरलेल्या डीव्हीडीच्या दोनशेवर इमेज बसतात. तुमच्या दोन आहेत.

आता माउंट करताना येणाऱ्या अडचणी. ‘फाइल एनटीएफएस ड्राइव्हवर आहे आणि कॉम्प्रेस्ड फोल्डरमध्ये नाही याची खात्री करा’ असा इंग्रजी निरोप आला, तर फाइल आधी पेनड्राइव्हवरून सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा. तरी तेच आलं तर फाइलला बहुधा ‘स्पार्स’ (रिकामा भाग डिस्कवर न लिहिलेली फाइल) असा शिक्का लागलेला असतो. टॉरेंटने उतरवलेल्या फाइलींना हे बऱ्याचदा होतं. दुसऱ्या नावाने एक कॉपी करून पाहा, बहुतेक वेळा शिक्का जातो. नाही गेला तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएसयूटिल, स्पार्स, सेटफ्लॅग, मग फाइलचा पत्ता आणि शेवटी ०.

‘इमेज करप्ट आहे’ म्हटलं तर प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’चे बाइट बघा (‘साइज ऑन डिस्क’ नव्हे) आणि २०४८ ने भागा. पूर्ण भाग जात नसेल तर फाइल अर्धवट उतरलीय किंवा ती आयएसओच नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावतच नाही, आणि भरलेली डीव्हीडी विंडोजच्या हिशेबाने ४.३७ जीबी असते.

इमेज फाइलींची दुसरी जात म्हणजे बिन-क्यू, एनआरजी, एमडीएफ-एमडीएस. या विंडोज स्वतः माउंट करत नाही. ‘एक्स्टेन्शन बदलून आयएसओ करा’ असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. सीडीचा सेक्टर मुळात २३५२ बाइटचा, त्यातले २०४८ डेटाचे, उरलेले ओळख आणि चूक-दुरुस्तीचे. आयएसओत फक्त डेटा असतो, बिनमध्ये बहुधा सगळं. नाव बदलल्याने आतलं गणित बदलत नाही. गाण्यांच्या सीडीची आयएसओ होत नाही तीही यामुळेच. अशा फाइलींसाठी विनसीडीइमू टाका, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. बिनचं नाव कोणी बदललं असेल तर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत अवतरणात जुनं नाव दिसेल, तिथे नवं लिहा. आणि ‘फ्री’ म्हणून मिळणाऱ्या भारी दिसणाऱ्या व्हर्च्युअल ड्राइव्हवाल्यांच्या सेटअपमध्ये ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करू नका. मधल्या एका पानावर भलतीच टूलबार आधीच टिक करून ठेवलेली असू शकते.

तुमच्या अकाउंटिंगच्या जुन्या सीडीबद्दल: आधी माउंट करून सेटअप चालवून बघा. ‘हे अॅप तुमच्या पीसीवर चालत नाही’ म्हणाला तर सेटअप बहुधा १६-बिटचा, म्हणजे फार जुन्या विंडोजचा, आहे आणि ६४-बिट विंडोजवर तो थेट चालणार नाही, कितीही माउंट करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज एक्सपी टाकून ‘स्टोरेज’मध्ये ऑप्टिकल ड्राइव्हला ती आयएसओ जोडा. सीडीला कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कचं कुलूप असेल तर विंडोज १० ने त्याचा ड्रायव्हरच २०१५ मध्ये काढून टाकलाय.

रीस्टार्टनंतर ड्राइव्ह गायब होतो, तो आपोआप यावा असंही विचारलंय. विंडोजचं माउंट तेवढ्यापुरतंच असतं. टास्क शेड्युलरमध्ये लॉग-ऑनच्या वेळेला पॉवरशेलची ‘माउंट-डिस्कइमेज’ कमांड फाइलच्या पूर्ण पत्त्यासकट लावता येते. पण तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला असला तर ड्राइव्हचं अक्षर सरकतं आणि जुनं सॉफ्टवेअर ‘सीडी घाला’ म्हणत बसतं. विनसीडीइमूत अक्षर ठरवून देता येतं आणि रीस्टार्टनंतरही ड्राइव्ह ठेवण्याची टिक आहे. म्हणजे तुमच्या त्या एका सीडीपुरतं ‘काही टाकू नका’ हे वरचं वाक्य मागे.

लग्नाच्या डीव्हीडीला तर खरं माउंटचीही गरज नाही. व्हीएलसीत ‘ओपन फाइल’ करून थेट आयएसओ दिली तरी मेनूसकट चालते. आणि मेलवर ‘बिल’ किंवा ‘कोटेशन’ म्हणून आयएसओ आली तर तिच्यावर डबल-क्लिक करू नका. इंटरनेटवरून आलेल्या आयएसओच्या आतल्या फाइलींना विंडोजचा ‘ही बाहेरून आलीय’ हा इशारा नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटपर्यंत लागत नव्हता, आणि ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलेत त्यांना तो आजही लागत नाही.