दिवस जात होते

वर्षाकाठी दोघं-तिघं तरी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. शब्द थोडेफार वेगळे, गाऱ्हाणं तेच. "सुरुवात झकास झाली, शेवट डोक्यात पक्का आहे, मधलंच काही केल्या लिहवत नाही. मॅडम, मी आळशी आहे का? की हे डिप्रेशन आहे?" कधी कादंबरी असते, कधी पीएचडीचा प्रबंध. प्रबंधवाल्यांना निदान गाईडचा धाक असतो. कादंबरीवाल्यांना विचारणारं कोणीच नसतं, म्हणून ते स्वतःचीच खरडपट्टी काढत बसतात.

त्यातल्या एका काकांची ही गोष्ट. लिहायला त्यांनी होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नाव देत नाही. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीतही मी त्यांना काकाच म्हणायचे.

काका एकसष्ट वर्षांचे, सरकारी कचेरीतून निवृत्त. बालपण लालबागच्या चाळीत गेलेलं. वडील कापडगिरणीत, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. निवृत्तीनंतर काकांनी वडिलांवर कादंबरी लिहायला घेतली. पहिल्यांदा आले ते काकूंबरोबर, आणि बोलल्या त्या काकूच. "रात्री दोनला उठतात. टेबलाशी बसतात. वही उघडतात, झाकतात, परत येऊन झोपतात. सहा महिने हेच चाललंय."

अशा वेळी मी आधी कादंबरी बाजूला ठेवते. झोप कशी आहे, जेवण जातं का, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेलाय का, सगळंच निरर्थक वाटतं का, हे विचारून घेते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं सगळीकडूनच विटलेलं असेल, तर प्रश्न लेखनाचा नसतो आणि मी डॉक्टरांकडे पाठवते. काकांचं तसं नव्हतं. सकाळचं फिरणं, नातवाला शाळेच्या बसवर सोडणं, गुरुवारचं भजन, सगळं जागच्या जागी होतं. भजनात तर ते पेटी वाजवायचे. बिनसलं होतं ते फक्त वहीपाशी.

मध्येच एकदा म्हणाले, "सगळं जाळून टाकावंसं वाटतं." असं वाक्य मी सोडून देत नाही. सरळ विचारलं, "वह्या जाळाव्याशा वाटतात, की स्वतःचंही काही बरंवाईट करावंसं वाटतं?" ते दचकले. मग हसले. "नाही हो, वह्याच." मला रशियन लेखक गोगोल आठवला. 'डेड सोल्स' या कादंबरीचे तीन भाग करायचे त्याच्या मनात होतं. १८५२च्या फेब्रुवारीत दुसऱ्या भागाचं हस्तलिखित त्याने जाळलं आणि दहा-एक दिवसांत तो गेला. मधला भागच तो. काकांना हे सांगितलं नाही, सांगायची वेळही नव्हती. वह्या तेवढ्या पुढच्या वेळी घेऊन या म्हटलं.

दोनशे पानी फुलस्केप वह्या. पहिलीत चौऱ्याऐंशी पानं भरलेली: भोंगा, पाळ्या, खानावळी, गणपती, गॅलरीतली भांडणं. दुसऱ्या वहीत शेवटची वीस पानं: म्हातारे वडील, गिरणीच्या जागी उभा राहिलेला मॉल, त्याच्या काचेत दिसणारा स्वतःचा चेहरा. या शेवटावर काकांचा फार जीव. मला तो आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण मी समीक्षक नाही, गप्प बसले. या दोन्हींच्या मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला. कामगार नेते दत्ता सामंत, साठाहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आणि संप मिटला असं रीतसर कोणी कधी जाहीर केलंच नाही.

पहिली चूक माझी झाली. मी त्यांना वेळापत्रक दिलं. रोज तीनशे शब्द, बरे-वाईट कसेही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. काका शिस्तीचे माणूस. पुढच्या वेळी अकरा दिवसांचं लेखन घेऊन हजर. अकराही दिवस पाऊस. पत्र्यावर पाऊस, परळच्या पुलाखाली पाऊस, छत्री उलटी होते असा पाऊस. मी म्हटलं, "काका, संप तर जानेवारीत सुरू झाला." ते म्हणाले, "हो ना." मागे जाऊन पाहिलं तर जानेवारी ते जून हा सगळा काळ त्यांनी एका वाक्यात ओलांडला होता. "दिवस जात होते."

मग ते वाक्यच मी शोधायला लागले. खोडलेल्या मसुद्यांसकट सात वेळा सापडलं. "कुणाला दिवस गेलेत, काका?" असं विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा खळखळून हसले. आणि मग म्हणाले, "खरं सांगू? त्या दिवसांत बाबांनी काहीच केलं नाही. घरी बसून होते. चाळीतले बरेच जण गावी गेले, कोणी हातगाडी लावली, कोणी वॉचमन झाला. बाबा गॅलरीत बसायचे. आता कादंबरीचा नायक वर्षभर गॅलरीत बसून राहिला तर वाचणार कोण?"

बहुतेकांच्या कादंबरीचं मधलं असंच अडलेलं असतं, असं माझं मत आहे. सुरुवात आणि शेवट घटनांनी भरलेले असतात. मध्ये घटना नाहीत असं लिहिणाऱ्याला वाटतं, म्हणून तो तिथून पळत सुटतो आणि पोचला की बरं वाटेल अशा आशेने शेवटाकडे बघत राहतो. शेवट आधीच लिहून, घोटून ठेवलेला असला तर आणखी पंचाईत. मधल्या माणसांना मग त्या गाडीत कोंबून तिथवर न्यावंच लागतं.

काकांचं आणखी एक होतं. पहिली तीन प्रकरणं त्यांनी एका वाचनकट्ट्यावर वाचून दाखवली होती आणि लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. "आता पुढचं तेवढंच जमायला नको का?" असं ते दोनदा म्हणाले. कौतुकाने हात जड होतो, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिलंय. म्हणून वेळापत्रक रद्द केलं आणि दुसरी सोय केली. दर गुरुवारी भजनाला जाण्याआधी दोन पानं माझ्याकडे आणून द्यायची. मी वाचणार नाही. खणात ठेवून कुलूप लावणार. घरातही कोणाला दाखवायची नाहीत, कट्ट्यावर तर नाहीच. काकांना ते पटलं, कारण त्यांच्या मते हरिभाऊ आपट्यांचंही असंच होतं. १८९०त त्यांचं 'करमणूक' साप्ताहिक सुरू झालं तेव्हा 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आठवड्याच्या हप्त्यांनीच तर बाहेर पडली, तिथे मधलं सुचत नाही म्हणून कोण थांबणार! मी म्हटलं, हरिभाऊंचे हप्ते लोक वाचायचे, तुमचे कोणीच वाचणार नाही, तुमचं जास्त सोपं आहे.

खरं काम झालं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. मी ड्रॉइंग पेपरची एक लांब पट्टी केली, तिच्यावर १९८२चे महिने आखले आणि म्हटलं, कादंबरी विसरा, प्रत्येक महिन्यात घरातलं कोण कुठे होतं तेवढं लिहा. बाबांच्या ओळीत बाराही घरांत 'घरी'. आईच्या ओळीत डबे, शिवण, 'मामाकडे पैसे मागायला'. बहिणीच्या ओळीत जुलैमध्ये 'कॉलेज सुटलं'. स्वतःच्या ओळीत काकांनी काहीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. आपल्या धंद्यात जखम उकरायची घाई करणारे बरेच भेटतात; माझा अनुभव असा की माणूस कागदाशी नीट बसला तर सांगायचं ते आपणहून सांगतो.

पुढच्या गुरुवारी दोन पानांबरोबर काकांनी एक पिशवी आणली. आत वाण्याची उधारीची छोटी वही होती. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे कुरतडलेले, मध्ये शिवलेला दोरा. आईच्या ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर राहिलेली. वाणी कच्छी होता, गुजरातीत लिहायचा. आई निरक्षर, म्हणून वाचून दाखवायला काकाच लहानपणी गुजराती अक्षरं शिकले होते. ते वाचत गेले, मी पट्टीवर लिहीत गेले.

जानेवारीच्या पानावर साखर दोन किलो, तूरडाळ दोन, गोडेतेल, चहा, अंगाचा साबण. मार्चमध्ये साखर एक किलो, आणि अंगाचा साबण गेला, कपड्यांचा राहिला. मेमध्ये तूर जाऊन मसूर आली. जूनपासून साखर पाव-पाव किलो. ऑगस्टमध्ये साखर नाहीच, गूळ. मला वाटलं सणासाठी असेल. काका म्हणाले, "चहात." तो चहा फुटायचा, म्हणून आई दूध घालायची बंद झाली, असंही म्हणाले. हे त्यांना तोपर्यंत आठवलं नव्हतं.

प्रत्येक पानावर एक ओळ मात्र ठरलेली होती. बिडी, एक बंडल. साधारण चार दिवसांनी एक. साखर उतरली तरी बिडी उतरली नव्हती. ती ओळ आली की काकांचा आवाज कोरडा व्हायचा. जुलैच्या पानावर थांबून म्हणाले, "ताईचं कॉलेज सुटलं, आणि हे बघा, बिडी चालूच." मग जरा वेळाने, "वही घेऊन वाण्याकडे मलाच जावं लागायचं. दुकान बंद व्हायच्या सुमाराला जायचो, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. एकोणीस वर्षांचा होतो. बाबांशी बोलणं टाकलं होतं मी. संप सोडून कामावर जा, असं तोंडावर बोललो होतो."

हे पहिल्या चौऱ्याऐंशी पानांत नव्हतं. तिथला मुलगा फार गुणी होता.

सप्टेंबरचं पान काढलं. गूळ, मसूर, रॉकेल, काडेपेटी. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले. ऑक्टोबर पाहिला. बोट वरून खाली फिरवत नेलं. "नाही," म्हणाले. मी विचारलं, "काय नाही?" "बिडी नाही."

आम्ही दोघांनी मिळून तीन-तीनदा पाहिलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर बिडीचं बंडल नव्हतं. "त्यांनी सोडली," काका म्हणाले. "कोणाला सांगितलंसुद्धा नाही. आणि मी रोज वही घेऊन जात होतो, माझ्या लक्षात आलं नाही." मग बराच वेळ वही मांडीवर ठेवून बसले. त्या दिवशी भजनाला गेले नाहीत.

त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी कदाचित इथे वडिलांवरचा राग, अपराधीपणा या वाटेने गेले असते. काकांबरोबर तीन बैठका त्यावर बोललोही, त्या इथे सांगत नाही. पण ते आले होते लिहायला, म्हणून एक प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून दिला: या प्रकरणानंतर कोणती गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही? उत्तर मोठंच असायला हवं असं नाही. साबण चालेल. ताईने गॅलरीतून हात हलवणं बंद केलं, हेही चालेल. ज्या प्रकरणाला उत्तरच सापडत नाही, तिथे बहुधा 'दिवस जात होते' लपलेलं असतं. ते आज लिहू नका, पुढचं लिहा. हा प्रश्न मी आता प्रबंधवाल्यांनाही विचारते, तिथेही चालतो.

खणातली पानं वाढत गेली. पाऊस कमी झाला. मधे पाच आठवडे काहीच आलं नाही, कारण ताईला हे कळलं आणि तिने ठणकावलं की माझ्या कॉलेजचं काही लिहायचं नाही. त्यावर लेखक म्हणून काय करावं ते मला माहीत नव्हतं; भाऊ म्हणून काय करावं एवढं बोललो. काका नाशिकला तिच्याकडे जाऊन चार दिवस राहिले. काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आल्यावर दोनाऐवजी पाच पानं दिली.

दिवाळीनंतर खण उघडून मी सगळा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पानं मोजली, एकशे बारा भरली. "खरंच वाचलं नाहीत?" "खरंच नाही." जरासे हिरमुसले. मॉलचा शेवट त्यांनी एव्हाना आपणहून काढला होता. आता कुठे थांबायचं ते ठरत नव्हतं, आणि त्यामुळे मात्र रात्री दोनला उठावं लागत नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून ती लाल वही पुन्हा काढली. मला एक पान दाखवायचं राहिलं होतं म्हणे. १९८२च्याच दिवाळीच्या आठवड्याचं. रवा, डालडा, पणत्यांसाठी तेल, आणि खाली एक ओळ: बिडी, एक बंडल. त्याच्या पुढे-मागे कुठेही नाही, तेवढंच. कोणी आणलं ते वहीत लिहिलेलं नसतं.

परवा फोन आला होता. "मॅडम, आई, ताई आणि मी. तिघांपैकी कोणीही असू शकतं. मला तर आठवत नाही. तिघांचंही वेगवेगळं लिहून पाहतोय."