डिझेल मुरलेल्या रानातला माती नमुना: नेहमीची पद्धत इथे चालत नाही

प्रश्न: रस्त्यावर टँकर उलटला आणि डिझेल नालीतून माझ्या रानात शिरलं. हरभरा निघालेलं काळं रान आहे. सहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवली आहे. तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊ का?

उत्तर: दादा, ती माती देऊ नका, नमुना नव्याने घ्यावा लागेल. तुमचं चुकलं नाही. नत्र, स्फुरद, पालाश तपासायला आम्हीच तशी माती काढायला शिकवतो. पण डिझेल हवेत उडतं. माती वाळवली, चाळली की जे शोधायचं त्यातलंच बरंच निघून जातं. शिवाय डागाची माती चांगल्या मातीत मिसळली की आकडा कमी येतो आणि भरपाईच्या वेळी तुमचंच नुकसान होतं. म्हणून प्रत्येक जागेची माती वेगळी ठेवा.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत ही तपासणी सहसा होत नाही. पर्यावरणाचे नमुने तपासणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गाठा, 'एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन' म्हणजे मातीतलं डिझेलसारखं सगळं खनिज तेल तपासायचं आहे असं सांगा आणि बाटल्या त्यांच्याकडूनच आणा. रुंद तोंडाच्या काचेच्या, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या असतात. घरची लोणच्याची बरणी कितीही घासली तरी नको, तेलाचा अंश राहतोच. प्लास्टिकही नको, ते डिझेल शोषतं.

सुरुवात स्वच्छ जागेपासून करा. डिझेल जिथे पोचलेलंच नाही अशा वरच्या अंगाच्या बांधाजवळचा एक नमुना तुलनेसाठी हवाच. मग डागाच्या कडेला आणि शेवटी मध्यभागी या. दर वेळी खुरपं, गिरमिट साबणाने धुवा, हातमोजे बदला. ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरलेल्या हाताने बाटलीला शिवू नका.

खोलीकडे नीट बघा. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि डिझेल त्यातून सरळ खाली उतरतं. वरची माती कोरडी दिसते, पण हातभर खालचं ढेकूळ फोडलं की आत तेलकट चमक असते. म्हणून ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे थर वेगळे घ्या. असं ढेकूळ ग्लासभर पाण्यात टाकलं तर वर रंगीत तवंग येतो. काडीने तोडला तरी तो पुन्हा जुळला तर तेल असण्याची शक्यता जास्त. तुकडे होऊन तसाच राहिला तर बहुधा लोहाचा. ही फक्त अंदाजाची खूण, पुरावा नव्हे.

बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. जागा, खोली, तारीख, वेळ लिहा. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, म्हणजे माती ४ अंशांच्या आसपास राहील. एक-दोन दिवसांत पोचवा.

खड्डा खणताना विडी, काडी जवळ नको. तलाठ्यांना बोलावून पंचनामा त्यांच्यासमोर करून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. विहीर उताराला असेल तर तिचंही पाणी काचेच्या बाटलीत वेगळं द्या. आणि नमुने निघेपर्यंत रान नांगरू नका, पाऊस यायच्या आत हे उरका.