माळ घालूनही भाऊ पगाराच्या दिवशी पुन्हा प्यायला. तो आम्हाला फसवतोय का?

ताई, फसवत नसावा. निदान मी तरी फसवत नव्हतो. मी स्वतः बेवडा (हा शब्द मी माझ्यासाठी वापरतो, तुम्ही भावासाठी वापरू नका), 2016 च्या गणपतीनंतर थेंब घेतला नाही, पण त्याआधी तीनदा माळ घातली आणि तिन्ही वेळा मोडली. एकदा तर बारच्या दारात गळ्यातून काढून खिशात ठेवली, नव्वद मारली, तोंड धुतलं आणि परत घातली, विठ्ठलाला खिशातलं दिसत नाही असा हिशोब असावा. पण त्याच दिवशी सकाळी देवासमोर जे बोललो होतो ना, ते अगदी मनापासून बोललो होतो. लोकांना हेच पटत नाही.

तुम्ही लिहिलंय की मामाच्या गावी 2 महिने काही त्रास नाही, शेतात राबला, जेवला, झोपला, आणि घरी आल्यावर पहिल्याच पगाराला गेला. मला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच दिसतंय. 1971 च्या सुमारास व्हिएतनामहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अभ्यास केला होता. तिथं असताना जवळपास 20 टक्के पोरं हेरॉइनच्या आहारी गेली होती, सरकारला घाम फुटला की हे सगळे गर्दुल्ले आता आपल्या गल्लीत येणार. आणि झालं काय, तर त्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात साधारण 5 टक्केच पुन्हा अडकले. हेरॉइन वेगळं, दारू वेगळी, मान्य, पण ती पोरं जिथं नशा करायची ती जागा, ते मित्र, ती भीती सगळं मागं राहिलं होतं. आपल्याकडे उलटं होतं. माणूस व्यसनमुक्ती केंद्रात नाहीतर मामाकडे कोरडा राहतो आणि मग आपण त्याला परत त्याच रस्त्यावर, त्याच देशीच्या दुकानासमोर आणून सोडतो आणि म्हणतो, आता दाखव इच्छाशक्ती.

माझं सांगतो. मी एमआयडीसीत होतो, पगार 7 तारखेला. मोबाईलवर पगार जमा झाल्याचा मेसेज टिंग करून वाजला की तोंडाला पाणी सुटायचं, खरंच लाळ, आणि गेटबाहेर पडल्यावर घर उजवीकडे असताना गाडी डावीकडे वळायची. मी ठरवायचो वगैरे काही नाही, पहिला घोट घशाखाली गेल्यावर कळायचं की अरे, आपण बसलोय. आणि गंमत बघा, शेवटची 2 वर्षं मला दारू आवडतच नव्हती. वास नको व्हायचा, उलटी यायची, तरी पाहिजेच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या रॉबिन्सन आणि बेरिज या दोघा संशोधकांनी 1993 मध्ये हेच मांडलंय, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. व्यसनात आवड कमी होत जाते आणि हाव वाढत जाते, आणि ती हाव नुसत्या बाटलीची नसते, मेसेजला, रस्त्याला, खाऱ्या शेंगदाण्यालाही चिकटते. त्यामुळं 'एवढं काय आवडतं रे तुला त्यात' हे त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नाही.

आता शपथेचं. माझी पहिली माळ मित्राच्या हळदीत अर्धा ग्लास बिअरवर मोडली. अर्धा ग्लास! तिथंच उठून घरी आलो असतो तर काहीच बिघडलं नसतं, पण डोक्यात एकच, माळ तर बाटली, पाप तर लागलं, आता काय राहिलंय. पुढे 11 दिवस शुद्ध नव्हती. अॅलन मार्लाट नावाच्या सिएटलच्या मानसशास्त्रज्ञानं हाच प्रकार बारकाईनं मांडलाय: पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरची 'मी संपलो, मी नालायक' ही भावना माणसाला जास्त खोल नेते. त्यात घरचे मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. मोडली की तो पोराचं तोंड बघू शकत नाही, आणि तोंड न दाखवायला जागा कुठली, तर गुत्ता.

माळेनं कुणाची सुटत नाही असं नाही हां. आमच्या आळीतल्या एकाची सुटली, 20 वर्षं झाली. पण त्याच्याकडे नीट बघितलं तर तो रोज 7 ते 9 भजनाला बसायचा, म्हणजे बरोबर प्यायच्या वेळेला, आणि वारीत जुनी दोस्त कंपनी सुटून नवी मिळाली. मला तेच एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगमध्ये मिळालं, तिथं कुणी घसरून आला तरी चहा देतात आणि विचारतात, काल नेमकं काय झालं?

दुसरं, दारू सोडवायची म्हणून विकतात ते 'न सांगता चहातून द्या' वालं पावडर. नका देऊ, हात जोडतो. त्यात काय असतं ते पाकिटावर नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर वर दारू पडली की चेहरा लालबुंद, उलट्या, बीपी खाली, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं देतात. आणि रोज भरपूर पीत असेल तर घरात कोंडून एकदम बंदही करू नका, दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. डॉक्टरला दाखवूनच थांबवा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

आणि पुढच्या पगाराचं आत्ताच भावाशी बोलून ठेवा, तो शुद्धीत असताना, सकाळी. पगार काही महिने वहिनीच्या खात्यात जमा करायला तो तयार आहे का विचारा. माझ्या वेळी 7 तारखेला माझा मेव्हणा सहा वाजता गेटवर गाडी घेऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही, नुसता मागं बस म्हणायचा. असं त्यानं 14 महिने केलं.